परदेशात रिमोट टीमचं संमेलन ठरवताय? सुरुवात पासपोर्टपासून करा

टीम सहा देशांत विखुरलेली, सगळ्यांची रोजची भेट स्क्रीनवर, आणि एका मीटिंगच्या शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘यंदा सगळ्यांना कुठेतरी एकत्र बोलावू या. तुम्ही जरा बघाल का?’ तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि काम गळ्यात पडतं.

पुढे बहुतेक ठिकाणी होतं ते असं: चॅटवर चार देशांचे फोटो पडतात, मतदान होतं, समुद्रकिनारा जिंकतो. दोन आठवड्यांनी कळतं की टीममधल्या दोघांना त्या देशाच्या व्हिसाची अपॉइंटमेंटच तीन महिने मिळणार नाही. आता ठिकाण बदललं तर बाकीचे हिरमुसणार आणि नाही बदललं तर ते दोघं घरी बसून व्हिडिओवर तुमची मजा बघणार. म्हणून आधी पासपोर्ट बघा. मतदान सगळ्यात शेवटी घ्या.

खालचे टप्पे साधारण दहा ते चाळीस माणसांच्या टीमला लागू पडतात. गट त्याहून मोठा असेल तर एखादी प्रवास कंपनी गाठा, पण पहिले तीन टप्पे तरीही स्वतःच करा.

१. आधी माणसांची शीट

एक फॉर्म पाठवा आणि उत्तरं फक्त दोघातिघांना दिसतील अशा शीटमध्ये गोळा करा. पासपोर्टचे फोटो टीमच्या चॅटवर मागवू नका. एकदा तिथे पडलेली गोष्ट कायमची पडून राहते.

फॉर्ममध्ये हे विचारा:

- पासपोर्ट कोणत्या देशाचा, कधी दिलेला, मुदत कधीपर्यंत. दोन पासपोर्ट असतील तर दोन्ही.
- सध्या राहता कोणत्या देशात आणि तिथला राहण्याचा परवाना कधीपर्यंतचा.
- हातात आत्ता कोणते वैध व्हिसे आहेत. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा असला की काही तिसरे देशही सहज प्रवेश देतात.
- जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ.
- आहार, ॲलर्जी, चालण्याफिरण्याची अडचण, नियमित औषधं.
- वर्षातले कोणते आठवडे अजिबात नकोत. परीक्षा, सण, उपवासाचा महिना, घरात बाळ येणार असणं, काहीही.
- ज्या देशांत तुम्ही जाणार नाही किंवा जाऊ शकत नाही, त्यांची नावं. कारण लिहायची गरज नाही.

शेवटच्या प्रश्नातलं ‘कारण लिहायची गरज नाही’ हे वाक्य गाळू नका. अनेक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. काही जण एखाद्या देशातून आश्रयासाठी बाहेर पडलेले असतात. कुणाला व्यवस्थापकासमोर हे उलगडून सांगायला लावणं बरं नाही. नावं मिळाली की ते देश यादीतून मुकाट्याने काढा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे परतीची वाट. जिथे जायचं तिथला व्हिसा मिळेल का, एवढंच सगळे बघतात. पण जो माणूस स्वतःच्या देशाबाहेर राहून काम करतो, त्याला बाहेर पडल्यावर परत घरी येता येईल का, हा प्रश्न जास्त मोठा. अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर तो अर्ज बहुतेक वेळा सोडून दिल्यासारखा धरला जातो. परवान्याचं नूतनीकरण चालू असणाऱ्यांचं इतर देशांतही असंच अडतं. अशा माणसाला ‘एवढं काय, आठवडाभराचा तर प्रश्न आहे’ असं म्हणू नका. त्याच्यासाठी तो पुढच्या पाच वर्षांचा प्रश्न असतो.

२. ठिकाण निवडा सगळ्यात कमजोर पासपोर्ट धरून

चार-पाच शक्यता लिहा. प्रत्येक शक्यतेपुढे प्रत्येक माणसासाठी तीनपैकी एक खूण करा: व्हिसा लागत नाही, ऑनलाइन मिळतो, वकिलातीत किंवा केंद्रावर जावं लागतं. ज्या देशापुढे तिसरी खूण जास्त, तो खाली ढकला. या बेरजेत सरासरी काढू नका. एका माणसाचा व्हिसा नाकारला जाणार असेल, तर बाकी पंचवीस जणांची सोय हा त्यावरचा उतारा होत नाही.

व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे प्रवासाच्या ब्लॉगवर विसंबू नका. त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं किंवा इमिग्रेशनचं अधिकृत संकेतस्थळ बघा. विमान कंपन्यांचे काउंटरवरचे लोक टिमॅटिक नावाच्या प्रणालीत कागदपत्रांचे नियम तपासतात. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, म्हणून शंका आली की ते चढू देत नाहीत. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर हीच तपासणी प्रवाशालाही करता येते. प्रत्येकाच्या नावाने एकदा करून ठेवा.

मग प्रवास. इथे एकूण खर्चाआधी सगळ्यात वाईट प्रवास कुणाचा होतो ते बघा. दोन विमानं बदलून तीस तासांनी पोचणारा माणूस पहिले दोन दिवस नुसता बसलेला असतो. मोठा विमानतळ असलेलं शहर आणि तिथून गाडीने तासा-दीड तासावरची जागा, हे गणित बहुधा जमतं. निसर्गरम्य बेट, जिथे दिवसातून एकच छोटं विमान जातं, ते फोटोतच ठेवा.

ऋतूही तपासा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, आणि त्या काळात कॅरिबियन स्वस्त का दिसतं त्याचं उत्तर त्यातच आहे.

औषधांकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. एकाग्रतेच्या विकारासाठी बऱ्याच जणांना ॲडरॉल दिलं जातं. त्यात ॲम्फेटामाइन असतं आणि डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी ते जपानमध्ये नेता येत नाही. कोडीनसारख्या वेदनाशामकांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. सिंगापूर आणि थायलंडमध्ये ई-सिगारेट बेकायदा आहे. फॉर्ममधला औषधांचा रकाना यासाठीच.

एवढ्या चाळणीतून दोन-तीन ठिकाणं उरतील. आता खुशाल मतदान घ्या.

३. तारीख ठरवताना उलटं मोजा

पोचायच्या दिवसापासून मागे या. शेंगेनचं उदाहरण घेऊ, कारण २९ देशांना एकच नियम लागू होतात आणि टीमा तिथे फार जातात. अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आणि हे सगळं अपॉइंटमेंट मिळाल्यानंतरचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या तोंडावर खरा वेळ खाते ती अपॉइंटमेंटच.

पासपोर्टची मुदतही इथेच बघा. शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध असावा लागतो आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. अनेक देश सहा महिने मागतात. तुम्ही सरसकट सहा महिने धरा. ज्याचा पासपोर्ट त्यात बसत नाही त्याला पहिल्याच आठवड्यात नूतनीकरणाला पाठवा, कारण जुन्या पासपोर्टवर अपॉइंटमेंट घेतली आणि मध्येच नंबर बदलला की पुन्हा श्रीगणेशा.

टीममध्ये सतत भटकत काम करणारी मंडळी असतील तर आणखी एक मोजणी लागते. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि त्यातले ८५ कुणीतरी आधीच संपवलेले असतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरची नवी डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे शिक्के पुसट होते वगैरे सबबी आता चालायच्या नाहीत.

माझं मत विचाराल तर आठ महिने आधी ठिकाण आणि तारीख, सहा महिने आधी जागेचा इसार, पाच महिने आधी व्हिसाचे अर्ज. कुणालाच व्हिसा लागत नसेल तर चार महिन्यांतही होतं.

डेबियन या मुक्त संगणक प्रणालीवर काम करणाऱ्यांची वार्षिक परिषद २००० सालापासून भरते, पहिली फ्रान्समधल्या बोर्दोला भरली होती. जगभरच्या स्वयंसेवकांचा तो गट. तिथे व्हिसाची मदत आणि प्रवासखर्चाची मदत यासाठी वेगळी माणसं नेमलेली असतात. तुमची टीम पंधरा जणांची असली तरी हे उचला: व्हिसा एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे.

४. व्हिसाची कागदपत्रं

देशानुसार यादी बदलते, पण हे जवळपास सगळीकडे लागतं:

- भरलेला अर्ज, ठरलेल्या मापाचे फोटो
- पासपोर्ट आणि जुने व्हिसे
- राहत्या देशाचा परवाना, दुसऱ्या देशात राहत असल्यास
- कंपनीचं पत्र: पद, रुजू तारीख, पगार, रजा मंजूर किंवा कामानिमित्त प्रवास
- आमंत्रणपत्र
- हॉटेलचं आरक्षण, विमानाचं आरक्षण
- बँकेचे अलीकडचे स्टेटमेंट
- प्रवासविमा. शेंगेनसाठी वैद्यकीय संरक्षण किमान ३० हजार युरोचं

आमंत्रणपत्रात घोळ होतात. त्यात माणसाचं नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, येण्याजाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, संमेलनाचा हेतू आणि खर्च कोण करणार हे स्वच्छ लिहा. खर्च कंपनी करणार असेल तर कोणता, तेही लिहा: विमान, हॉटेल, जेवण. पत्रातल्या तारखा आणि हॉटेलच्या आरक्षणातल्या तारखा एक दिवसाने जरी वेगळ्या पडल्या, तरी अधिकारी बोट ठेवतो.

टीममधली बरीच मंडळी कर्मचारी नसतात, ती कंत्राटावर काम करतात. त्यांना पगारपत्रक नसतं. त्यांच्यासाठी कराराची प्रत, गेल्या काही महिन्यांची बिलं आणि त्या बिलांचे पैसे जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, असा संच आधीच तयार ठेवा.

हेतू खरा लिहा. ‘फिरायला चाललोय म्हण, सोपं पडतं’ हा सल्ला टीममध्ये फिरतोच. मग एक जण काउंटरवर सहल म्हणतो, मागचा कंपनीची बैठक म्हणतो, आणि दोघांच्या पिशवीवर एकच लोगो असतो. बहुतेक देशांत बैठकीला येणाऱ्यांसाठी वेगळा प्रकार असतो, किंवा त्याच अल्पमुदतीच्या व्हिसात ते बसतं. मात्र तिथे बसून रोजचं काम करणं हा वेगळा मामला आहे. जास्त दिवस राहणार असाल तर जाणकार वकिलाला विचारा.

दोन सापळे राहिले. शेंगेनचा अर्ज जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस समान असतील तर पहिल्यांदा शिराल त्या देशाकडे. आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे का ते बघा. संमेलनाच्या मध्ये कुणी दोन दिवस शेंगेनबाहेर, समजा लंडनला, जाऊन यायचं म्हणेल, तर एका प्रवेशाच्या व्हिसावर तो परत आत येऊ शकणार नाही.

अर्जाची फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. शेंगेनची मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. हा खर्च कंपनीनेच करायचा, नाकारला तरीही. कामासाठी केलेल्या अर्जाचा भुर्दंड माणसाच्या खिशाला लावू नये.

५. तिकिटं

ज्याला व्हिसा लागतो त्याचं तिकीट रद्द करता येणारंच घ्या, महाग पडलं तरी. व्हिसा नाकारल्याचं नुकसान बहुतेक प्रवासविम्यात धरत नाहीत.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. जगात खूप माणसांना आडनाव नसतं, पण बुकिंगच्या फॉर्मला ते हवंच असतं. मग कुणी तेच नाव दोनदा लिहितं, कुणी वडिलांचं घालतं, आणि काउंटरवर वाद होतो. विमान कंपनीला फोन करून त्यांची पद्धत विचारा आणि व्हिसाच्या अर्जातही त्याच्याशी विसंगत काही लिहू नका.

वाटेतल्या विमानतळाचा व्हिसा हा सगळ्यात जास्त लोकांना आडवा येणारा दगड. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे ज्याला तिथला व्हिसा लागतो त्याला ट्रान्झिटसाठीही लागतो. काही देशांच्या नागरिकांना युरोपातल्या विमानतळावर बाहेर न पडताही वेगळा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी त्याचा मधला थांबा बघा.

दोन तिकिटं वेगवेगळी काढून जोडली, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी हात वर करते. सामानही मध्ये बाहेर काढून पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि त्यासाठी त्या देशात शिरायला लागतं. शक्यतो सगळा प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. शेंगेनबाहेरून येऊन फ्रँकफर्टला विमान बदलून लिस्बनला जाणाऱ्याचं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. तिथली रांग धरून किमान अडीच तास मध्ये ठेवा.

६. जागा पसंत करताना

फोटोंवर जाऊ नका. तिथल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि बैठकीच्या खोलीत उभं राहून फोन फिरवायला सांगा. खोलीला खिडकी आहे का, खांब मध्ये येतो का, भिंतीवर प्लग किती, पडद्याची वायर कोणती. मग तिथेच, त्याच खोलीत, हॉटेलच्या वायफायवर वेगाची चाचणी लावायला सांगा आणि आकडे बघा. ‘आमचं वायफाय फास्ट आहे’ हे वाक्य स्वागतकक्षाबद्दल असतं. अपलोडचा आकडा वेगळा विचारा. एका माणसामागे किती उपकरणं चालतात तेही विचारा. तीस माणसं म्हणजे साठ-सत्तर उपकरणं.

करार वाचताना तीन कलमांवर थांबा: किती तारखेपर्यंत रद्द केलं तर किती पैसे बुडतात, आयत्या वेळी खोल्या कमी झाल्या तर किती टक्क्यांपर्यंत चालतं, आणि खोलीवर नाव शेवटच्या क्षणी बदलता येतं का. व्हिसा नाकारला जाणार हे गृहीत धरूनच दुसऱ्या कलमावर घासाघीस करा.

प्रत्येकाला स्वतंत्र खोली. पैसे कमी असतील तर दिवस कमी करा, पण मोठ्या माणसांना अनोळखी सहकाऱ्याबरोबर खोली वाटून घ्यायला लावू नका.

७. पैसे

खर्चाची मर्यादा आणि नियम एका पानावर लिहून तिकिटं काढण्याआधीच पाठवा: काय कंपनी थेट भरणार, काय पावती दाखवून मिळणार, कोणत्या दिवसाचा विनिमय दर धरणार. विमान आणि हॉटेल कंपनीनेच थेट भरावं. काही देशांत परकीय चलन खर्च करायला मर्यादा असतात आणि सगळ्यांकडे मोठ्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड नसतं. पदरचे पैसे घालून नंतर मागायची वेळ आली की लोक गुपचूप ‘मला यायला जमणार नाही’ म्हणतात. एकूण अंदाजावर १५ टक्के वर ठेवा.

८. दिवस कसे लावायचे

हा भाग लोक शेवटच्या आठवड्यात उरकतात आणि मग सकाळी नऊ ते रात्री अकरा असं वेळापत्रक तयार होतं. एवढा खर्च केलाय तर वसूल करू, ही त्यामागची भावना. फळ उलटं मिळतं.

पहिला दिवस पूर्ण मोकळा. शरीर बदललेल्या वेळेशी साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेतं, आणि पूर्वेकडे गेलेल्यांना जास्त त्रास होतो. पहिल्या सकाळी धोरणावर चर्चा ठेवली, तर पश्चिमेकडून आलेली अर्धी टीम डोळे उघडे ठेवण्यातच गुंतलेली असेल.

कामाची सत्रं जेवणापर्यंतच. विषय निवडताना एकच कसोटी लावा: हे कॉलवर होऊ शकलं असतं का? तिमाहीचे आकडे दाखवणं होऊ शकलं असतं. दोन विभागांमध्ये वर्षभर कुरबुर चालू असलेला प्रश्न फळ्यापुढे उभं राहून सोडवणं होत नाही. नव्या माणसाने जुन्याच्या शेजारी बसून तासभर काम बघणंही कॉलवर तसं होत नाही. अशा तीन-चार गोष्टी पुरतात.

दुपार मोकळी ठेवा, आणि मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. ‘ऐच्छिक’ असं लिहून पाच वाजता खेळ ठेवले की सगळे भिडेखातर येतात. डेबियनच्या परिषदेत मधला एक दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर जायची प्रथा आहे. तीही चांगली. सहल धाडसाची असेल तर विम्यात ती धरली आहे का ते वाचा, कारण डायव्हिंग, रॅफ्टिंग वगैरे अनेक साध्या पॉलिसींत वगळलेलं असतं.

ज्यांना व्हिसा मिळाला नाही त्यांचं काय? खोलीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडा ठेवून त्यांना ‘सामील’ करून घेऊ नका. त्यांना फक्त खुर्च्यांच्या पाठी दिसतात. त्यांच्या सोयीच्या वेळी एक सत्र पूर्ण कॉलवरच घ्या, प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून. आणि संमेलनात झालेले निर्णय त्याच दिवशी लिहून पाठवा.

९. निघण्याआधीचा आठवडा

एक पान पाठवा. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत, विमानतळावरून कसं यायचं, रात्री उशिरा उतरणाऱ्याला कोण घ्यायला येणार, अडचण आली तर कोणता नंबर, स्थानिक आपत्कालीन क्रमांक, विम्याचा नंबर. हे पान छापून घ्यायला सांगा. फोनची बॅटरी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते.

पॉवर बँक केबिनच्या पिशवीतच ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची बहुतेक विमानांत चालते, म्हणजे नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबात साधारण २७ हजार एमएएच. प्लगचा प्रकार तपासून प्रत्येकाने ॲडॉप्टर घ्यावा आणि तुम्ही चार जादा न्या. टीमचे टी-शर्ट कुरिअरने पुढे पाठवायचा मोह आवरा, खोकं कस्टममध्ये अडकलं की ते सोडवायलाच एक माणूस जातो. तिथेच छापून घ्या.

१०. परतल्यावर

पावत्यांचे पैसे दोन आठवड्यांत द्या. अभिप्रायाचा फॉर्म परतीच्या विमानातच हातात पडेल असा पाठवा आणि तीनच प्रश्न विचारा: काय पुन्हा करू, काय अजिबात नको, प्रवासात कुठे अडलात. पासपोर्टच्या प्रती पुसून टाका. शीटमध्ये फक्त पासपोर्टचा देश आणि मुदतीची तारीख राहू द्या. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या गळ्यात पडेल, त्याला ती शीट लागणारच आहे.